जवखेड्याहून दिल्लीला

सकाळी सरपंचाच्या दारात कोण येतं? रेशन कार्डावरून नाव कमी झालेली म्हातारी येते. पाणंद रस्ता नांगरला म्हणून भांडणारे दोघे भाऊ येतात. या दारातून निघालेली वाट थेट दिल्लीच्या मंत्रालयात पोचते, हे मला आजही अद्भुत वाटतं. जालना जिल्ह्यात ती वाट चालून दाखवलेला माणूस आहे. भोकरदन तालुक्यातल्या जवखेड्याचे रावसाहेब दानवे. गावचे सरपंच, मग भोकरदन पंचायत समितीचे सभापती, १९९० मध्ये आमदार, १९९५ मध्ये पुन्हा आमदार आणि १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार.

या वाटेच्या पहिल्या पायऱ्या १ मे १९६२ रोजी पडल्या. त्या दिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. जिल्हा परिषदेच्या एका गटाचे दोन गण होतात आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य निवडून जातो. म्हणजे गावात भावकी सांभाळणाऱ्या माणसाला एक पायरी चढली की शेजारच्या गावांची भावकीही सांभाळावी लागते. आमदारकीला तर आख्ख्या तालुक्याची लग्नं, दहावे आणि जत्रा आल्या. जालना लोकसभा मतदारसंघ त्याहून पसरलेला: जालना, बदनापूर, भोकरदन इकडचे, सिल्लोड, फुलंब्री, पैठण शेजारच्या संभाजीनगर जिल्ह्यातले. परतूर आणि घनसावंगी जालना जिल्ह्यात असूनही मतदान करतात परभणीच्या खासदारासाठी!

पक्षाची शिडी याला समांतर चालते. बूथ, मंडल, जिल्हा, प्रदेश. मतदार उमेदवाराला निवडतो खरा, पण उमेदवारी हातात पडते ती या दुसऱ्या शिडीवरून. मराठवाड्यात भाजपची ही बांधणी जुनी. याच मतदारसंघातून पुंडलिक हरी दानवे १९७७ च्या जनता लाटेत निवडून आले आणि १९८९ मध्ये भाजपचे खासदार झाले. रावसाहेब दोन्ही शिड्या एकाच वेळी चढले. जानेवारी २०१५ मध्ये ते भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि त्यासाठी दोन महिन्यांत केंद्रातलं राज्यमंत्रिपद सोडलं. मंत्रिपद सोडून संघटनेचं काम! बाहेरून पाहणाऱ्याला ही उतरण वाटेल; पण साऱ्या राज्यातल्या उमेदवारीच्या चर्चेत ज्याचा शब्द लागतो, त्याचं वजन पक्षातल्या माणसांना नेमकं कळतं.

आणि सोडलेलं खातं कोणतं होतं? ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण. म्हणजे रेशन. सरपंचाच्या दारात उभ्या असलेल्या त्या म्हातारीच्या धान्याचं दिल्लीतलं टोक. २०१९ मध्ये तेच खातं त्यांच्याकडे परत आलं. २०२१ मध्ये रेल्वे राज्यमंत्रिपद मिळालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली.

ही शिडी चढणाऱ्याला दर पाच वर्षांनी पुन्हा तळाशी उभं करते, हे मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. २००९ मध्ये काँग्रेसचे कल्याण काळे दानव्यांकडून अवघ्या ८,४८२ मतांनी हरले होते. पंधरा वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच काळेंनी दानव्यांना १,०९,९५८ मतांनी हरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात भोकरदनमधून रावसाहेबांचे पुत्र संतोष दानवे तिसऱ्यांदा आमदार झाले.