ताप उतरल्यानंतरचे तीन महिने

तळ्याहून माणगावमार्गे ताम्हिणी घाट चढला की पुणे काही तासांवर. शिक्षण असो, नोकरी असो वा मोठे दवाखाने, तळा तालुक्याचा पुण्या-मुंबईशी कायमचा राबता आहे. म्हणूनच जून २०२४ मध्ये पुण्याच्या एरंडवण्यात एका डॉक्टरांना आणि त्यांच्या मुलीला झिकाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले आणि पुढे शहरातली रुग्णसंख्या शंभराच्या वर गेली, ती बातमी घाटाखालच्या आपल्यासाठीही होती. रुग्णांमध्ये गरोदर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. डासांपासून जपा, हे सगळीकडे सांगितले गेले. ताप उतरल्यावर विषाणू शरीरात किती काळ राहतो, हे मात्र फारसे कुणी सांगितले नाही. त्याचे उत्तर हाती यायला दहा वर्षे लागली होती.

१९४७ मध्ये युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात एका माकडाच्या रक्तात हा विषाणू सापडला. पुढची साठ वर्षे तो सौम्य तापाचा, डासांमुळे होणारा एक किरकोळ आजार मानला गेला. २००८ मध्ये ब्रायन फॉय हे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ सेनेगलहून कोलोरॅडोला परतले आणि आजारी पडले. काही दिवसांत त्यांची पत्नीही आजारी पडली. ती आफ्रिकेला गेलेली नव्हती. शरीरसंबंधातून लागण झाली असावी, असे त्यांनी २०११ मध्ये लिहिले. २०१३ मध्ये ताहितीतल्या एका रुग्णाच्या वीर्यात जिवंत विषाणू सापडला आणि त्या शंकेला आधार मिळाला.

मग ब्राझीलमध्ये गरोदरपणी झिका झालेल्या स्त्रियांच्या पोटी लहान डोक्याची बाळे जन्माला येऊ लागली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. त्या वर्षी पुरुषांना शरीरसंबंधात सहा महिने काळजी घ्यायला सांगितले गेले, कारण विषाणू वीर्यात टिकण्याची नेमकी मुदत ठाऊक नव्हती. ती प्वेर्तो रिकोतल्या रुग्णांचे नमुने पुन्हा पुन्हा तपासून कळली. निम्म्या रुग्णांच्या लघवीतून विषाणूचा माग ११ दिवसांत, रक्तद्रवातून १५ दिवसांत, तर वीर्यातून ४२ दिवसांत नाहीसा झाला. शंभरातल्या पंच्याण्णव पुरुषांचे वीर्य निर्मळ व्हायला मात्र १२० दिवस लागले. वृषणाभोवती रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींना सहजी ओलांडता न येणारा पडदा असतो. तिथे विषाणू टिकून राहतो.

पण माग लागणे आणि लागण होणे यांत फरक आहे. पीसीआर चाचणी विषाणूचे आरएनए पकडते. तो मेलेला असला, तरी अहवाल पॉझिटिव्हच येतो. तो जिवंत आहे का हे पाहायचे, तर नमुना प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकून त्या पेशी मरतात का, याकडे लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात पीसीआर पॉझिटिव्ह आलेले वीर्याचे ७८ नमुने असे तपासले. जिवंत विषाणू फक्त तीन नमुन्यांत निघाला आणि ते तिन्ही नमुने आजार सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आतले होते. त्यानंतर पुरुषांसाठीची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. स्त्रियांसाठी ती दोन महिने आहे.

महाराष्ट्रात पहिला झिका रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. तिथे आरोग्य खात्याने काही महिने गर्भधारणा टाळायला सांगितले, निरोधही वाटले. खेड्यात हा विषय उघड बोलता येतो, हे बेलसरने दाखवून दिले.

तेच तळ्यात व्हायला हवे. मार्च ते मे पाणीटंचाईत घरोघरी पिंपे भरलेली असतात. एडिस डास त्यांच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या वर अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. म्हणून कोरडा दिवस पाळताना पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, कडा घासावी लागते. हे आशाताई सांगतात. त्यांच्या बोलण्यात आणखी एक वाक्य यायला हवे : झिकाची लागण झालेल्या किंवा साथीच्या गावाहून परतलेल्या पुरुषाने तीन महिने, आणि बायको गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत, निरोध वापरावा. दहा जणांतल्या आठांना झिकाची लक्षणेच दिसत नाहीत. त्यामुळे ताप आला नव्हता म्हणून धोका नाही, असे कुणी समजू नये. पोटातल्या बाळाची काळजी एकट्या आईवर टाकून चालणार नाही, ती बापाचीही जबाबदारी आहे.