अल्सेशियनचे मागचे पाय

मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या ‘प्रयोजन’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज त्याचंच एक चार पायांचं उदाहरण घेऊ. मंडळी, आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो तो जर्मन शेफर्ड, म्हणजे मूळचा मेंढपाळाचा कुत्रा. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने प्रदर्शनात असा एक कुत्रा पाहिला, विकत घेतला आणि जातीच्या नोंदवहीत त्याला पहिला क्रमांक दिला. त्याचा आग्रह होता, आधी काम, मग रूप. पुढे काय झालं ते तुम्ही जाणताच. उतरत्या पाठीला बक्षिसं मिळू लागली.

या जातीचं मोठं दुखणं खुब्याचं. खुब्याची खोबण उथळ राहते, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही, हलतो, आणि सांधा झिजतो. उतरत्या पाठीमुळेच हे होतं असं सरसकट म्हणता येत नाही. दोष बराचसा आनुवंशिक आहे, पण वजन आणि झपाट्याची वाढ तो बळावते. आपल्याकडे पिल्लाला हौसेने कॅल्शियमचं औषध पाजतात. चांगला तयार आहार चालू असताना ते वरून देणं मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांना अपायकारक ठरतं.

दुसरा आजार मज्जारज्जूचा. बहुधा आठ वर्षांनंतर सुरू होतो. आमच्या कुत्रीच्या मागच्या पायाची नखं फरशीवर घासल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा मी ‘म्हातारपण’ म्हणून सोडून दिलं. चूक माझी. खुबा दुखतो, हा आजार दुखत नाही. पाय कुठे पडतोय हेच कुत्र्याला कळेनासं होतं. म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी काही साधत नाही. याच्याशी निगडित जनुकीय बदल २००९ मध्ये सापडला. माणसातल्या एएलएस या आजाराच्या काही रुग्णांतही तेच जनुक बिघडलेलं असतं! बरा करणारा उपाय नाही, पण चाचणी आहे. पिल्लू घेताना आईबापांची चाचणी आणि खुब्याचा एक्स-रे झालाय का, हे विचाराच.

आयुष्याचं म्हणाल, तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात मध्यक आयुर्मान १०.३ वर्षं निघालं. मृत्यूच्या प्रमुख कारणांत होती स्नायू-हाडांची दुखणी आणि उभंच राहता न येणं.

एक राहिलं. खोल छातीच्या या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडतो. कुत्रा ओकायला जातो, पण बाहेर काही पडत नाही. तेव्हा रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच डॉक्टरांकडे न्या, सकाळपर्यंत तो टिकेलच असं नाही.