खाचरातले दोन लेप्टो

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावी दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. पूर ओसरल्यावर घराघरांतला गाळ उपसताना नवी भीती होती ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाची.

ही भीती पुरापुरतीच नाही. चिखलणी-लावणीच्या दिवसांत इथली माणसे तासन्‌तास अनवाणी खाचरात उभी असतात. पायांना चिखल्या होतात, कातडी फाटते. उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात आलेला या रोगाचा जंतू, लेप्टोस्पायरा, अशाच जखमेतून शरीरात शिरतो.

गंमत अशी, की त्याचा एक भाऊबंद, लेप्टोस्पायरा बायफ्लेक्सा, पाण्यात आणि ओल्या मातीत राहतो, तसाच मळसूत्री दिसतो, पण माणसाला काहीही करत नाही. मग फरक कशात? बऱ्याच गोष्टींत, त्यातली एक चिकटण्याची. आपल्या पेशींवर प्रथिनांना जोडलेल्या शर्करेच्या लांब साखळ्या असतात. रोगकारक लेप्टोस्पायरा या साखळ्या पकडतो, हे २००९ च्या संशोधनात दिसले. त्याच्या अंगावरची ‘लिग’ प्रथिने पेशींभोवतालच्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांनाही धरतात. बायफ्लेक्साकडे ती नाहीत. २०११ मध्ये संशोधकांनी ‘लिग’ची जनुके बायफ्लेक्सात घातली, तेव्हा हा निरुपद्रवी जीव प्रयोगशाळेतल्या पेशींना पूर्वीपेक्षा घट्ट चिकटू लागला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. एकेका जनुकाचे काम इतके उघड क्वचितच दिसते. अर्थात चिकटला म्हणजे रोग झाला असे नाही, पण वाहत्या रक्तात आणि लघवीच्या मार्गात टिकायचे तर पकड हवीच. उंदराच्या मूत्रपिंडात रोगकारक लेप्टोस्पायरा असाच ठाण मांडतो. उंदीर मात्र ठणठणीत राहतो.

साखर धरून चिकटण्याची रीत इतर जंतूंतही आहे. ई. कोलाय मॅनोज या साखरेच्या आधाराने आपल्या पेशींना चिकटतो, हे इस्रायलमधल्या ओफेक, मिरेलमन आणि शॅरॉन यांनी १९७७ मध्ये दाखवले.

या चिकटण्याचा संबंध लसीशीही आहे. रोगकारक लेप्टोस्पायराचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत. मृत जंतूंची लस मुख्यतः तिच्यातल्या उपप्रकारांपुरतीच चालते. ‘लिग’ प्रथिनांपैकी ‘लिग-बी’ मात्र रोगकारक जातींत सर्रास आढळते, म्हणून लसीसाठी संशोधकांचे लक्ष या प्रथिनांवर आहे. ‘लिग’चे तुकडे टोचलेले हॅमस्टर प्राणघातक संसर्गातून वाचले आहेत. कोकणातल्या शेतकऱ्यासाठी या कामाला पैसा आणि वेग दोन्ही मिळायला हवेत. लावणीनंतर ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर आपण चिखलात काम केले होते हे डॉक्टरांना आधी सांगावे. औषध जितके लवकर सुरू होईल तितके मूत्रपिंड वाचते.