रिकाम्या खाटेचे भाडे

क्रूझच्या माहितीपत्रकात दराच्या मोठ्या आकड्याखाली बारीक टायपात एक ओळ छापलेली असते. दर माणशी आहे, पण एका केबिनमध्ये दोघे राहणार हे धरून, असा तिचा अर्थ. जोडप्यांच्या नजरेत ही ओळ भरत नाही. एकट्या माणसाचा बेत मात्र तिथेच अडतो. मी बँकेत पस्तीस वर्षे काढली, त्यामुळे बारीक टायप आधी वाचायची सवय आहे. वैधव्यानंतर प्रवास एकटीने करायची वेळ आली, तेव्हा या ओळीमागचा हिशेब नीट समजून घ्यावा असे वाटले. हा लेख त्या शोधातून झाला.

आधी आकडे पाहू. समजा, सात रात्रींच्या सफरीचा दर माणशी १,००० डॉलर आहे. बंदरशुल्क आणि कर १५० डॉलर, आणि कर्मचाऱ्यांची टीप रोजची १८ प्रमाणे १२६. जोडप्यातील प्रत्येकाला ही सफर १,२७६ डॉलरला पडते. एकट्याने केबिन घेतली, तर बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाचे मूळ भाडेही त्यालाच भरावे लागते. कर आणि टीप माणशी असल्याने त्या दुप्पट होत नाहीत. तरी बेरीज २,२७६ वर जाते. वरच्या हजार डॉलरना प्रवासधंद्यात सिंगल सप्लिमेंट म्हणतात. तो नेहमीच शंभर टक्के असतो असे नाही. जागा शिल्लक असल्या तर कधी पन्नास टक्क्यांवर येतो, क्वचित माफही होतो. पण गर्दीच्या हंगामात दुपटीची तयारी ठेवूनच चौकशी करावी.

कंपन्यांची बाजू समजून घेतली, तर यामागे निव्वळ हाव आहे असे म्हणता येत नाही. या धंद्यात जहाज किती भरले हे मोजण्याची रीत वेगळी आहे. प्रत्येक केबिनमध्ये दोन माणसे म्हणजे शंभर टक्के. तिसऱ्या-चौथ्या खाटेवर मुले झोपली की आकडा शंभराच्या वर जातो. म्हणूनच कार्निव्हल किंवा रॉयल कॅरिबियन यांच्या वार्षिक अहवालांत, कोविडचा काळ सोडला तर, जहाजे शंभर टक्क्यांहून अधिक भरल्याचे दिसते. वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटावी, पण ती हिशेबाची रीत आहे. या रीतीने एकट्या प्रवाशाची केबिन पन्नास टक्केच भरलेली ठरते.

दुसरे कारण तिकिटाबाहेरचे आहे. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नात साधारण एक तृतीयांश वाटा जहाजावरच्या खर्चातून येतो. त्यात मद्य, कॅसिनो, बंदरावरच्या सहली, मालिश, फोटो, इंटरनेट असे सगळे आले. रिकाम्या खाटेवरचा न आलेला प्रवासी यातले काहीच विकत घेत नाही. म्हणजे एकट्याकडून दुप्पट भाडे घेऊनही कंपनीच्या लेखी थोडी तूट उरतेच. मागणी असेल तेव्हा कंपन्या एकट्यांसाठी उदार का होत नाहीत, याचे उत्तर इथे आहे.

पण जहाजावर नेहमीच असे होते का? जुनी प्रवासवर्णने आणि आत्मचरित्रे चाळली, तर चित्र वेगळे दिसते. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. मित्रांनी त्यांच्यासाठी बर्थ राखून ठेवला तो जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार यांच्या केबिनमध्ये. मजमुदार वयाने मोठे, चार लोकांत मिसळणारे. गांधी इतके लाजाळू की घरून आणलेली मिठाई आणि फळे केबिनमध्येच बसून खात. लोकांशी बोलत चला, असे मजमुदार त्यांना सांगत राहिले. पुढे एप्रिल १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला जाताना पहिल्या वर्गात जागाच उरली नव्हती. तेव्हा जहाजाच्या मुख्य अधिकाऱ्याने आपल्या केबिनमधला एक जादा बर्थ त्यांना दिला. हे सारे गांधींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

या दोन्ही प्रसंगांत विकली, राखली किंवा दिली गेली ती वस्तू म्हणजे बर्थ. खोली कोणी मागितली नव्हती. त्या काळचे जहाज हे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारे वाहन होते आणि त्यात एकटे जाणारे पुष्कळ असत: विद्यार्थी, नोकरदार, व्यापारी, रुजू व्हायला निघालेले अधिकारी. ज्याला परवडे तो एकट्याची केबिन घेई, बाकीचे अनोळखी माणसाबरोबर राहत. पुरुषांबरोबर पुरुष आणि बायकांबरोबर बायका, एवढे पथ्य पाळले जाई. टायटॅनिकवर तिसऱ्या वर्गातल्या एकट्या पुरुषांची सोय जहाजाच्या पुढच्या टोकाला आणि एकट्या स्त्रियांची मागच्या टोकाला होती. आपल्या रेल्वेने हीच रीत आजही टिकवली आहे. रात्रीच्या गाडीत आपण परक्या माणसापासून दोन हातांवर निर्धास्त झोपतो आणि समोरचा बर्थ रिकामा राहिला म्हणून टीसी आपल्याकडे त्याचे पैसे मागत नाही.

बदल झाला तो वाहनाची सहल झाल्यावर. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि कामासाठी जाणारा एकटा प्रवासी हळूहळू विमानाकडे वळला. जहाजाला नवा प्रवासी शोधावा लागला. १९६६ च्या डिसेंबरात मायामीहून ‘सनवर्ड’ जहाजाच्या कॅरिबियन सफरी सुरू झाल्या. १९७० मध्ये खास अशा सफरींसाठी बांधलेले ‘साँग ऑफ नॉर्वे’ आले. हा नवा प्रवासी सुट्टीवर निघालेला होता आणि सुट्टीवर माणसे बहुधा जोडीने किंवा कुटुंबाने जातात.

जहाज बांधण्याची पद्धतही त्याला अनुकूल होत गेली. जुन्या जहाजांत अनेक केबिनना मिळून बोळाच्या टोकाला न्हाणीघरे असत. आता प्रत्येक केबिनला स्वतःचे न्हाणीघर हवे झाले. पुढे केबिन कारखान्यात पेटीसारख्या पूर्ण तयार होऊन येऊ लागल्या. पलंग, कपाट, नळ, दिवे सगळे आधीच बसवलेले. पेटी जहाजाच्या सांगाड्यात सरकवायची आणि पाइप-तारा जोडायच्या. अशा पेट्या एकाच मापाच्या असणे स्वस्त पडते. ते माप दोघांचे ठरले. पेटीत एक माणूस राहो की दोन, तिचा खर्च जवळपास तेवढाच. बर्थ हे विक्रीचे एकक मागे पडले आणि त्याची जागा केबिनने घेतली. सिंगल सप्लिमेंटचे मूळ माझ्या मते या अदलाबदलीत आहे.

याला अपवाद निघाले, नाही असे नाही. २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्यांसाठी १२८ छोट्या केबिन आल्या, प्रत्येकी साधारण शंभर चौरस फुटांची, आणि त्या प्रवाशांना एकत्र बसायला वेगळा दिवाणखाना. २०१६ च्या दुरुस्तीत ‘क्वीन मेरी २’ वर एकट्यांच्या १५ केबिन वाढवल्या गेल्या. पण दोन-तीन हजार प्रवाशांच्या जहाजावर अशा केबिन मोजक्याच. त्या लवकर संपतात आणि त्यांचा दर जोडप्यातल्या एकाच्या दरापेक्षा बऱ्याचदा चढा असतो.

मग उरतो तो जुनाच मार्ग, अनोळखी माणसाबरोबर केबिन वाटून घेण्याचा. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या छोट्या जहाजांवर तो अजून राजमान्य आहे. तिथले भाडेच एवढे असते की दुप्पट भरणे फार थोड्यांना जमते, म्हणून दोघांच्या किंवा तिघांच्या केबिनमधली एक खाट स्वतंत्रपणे विकली जाते. मोठ्या जहाजांच्या कंपन्या सहसा जोडी लावून देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. तिथे हे काम एजंट किंवा सहल कंपनी करते. आपल्याकडच्या सहलींमध्ये ‘ट्विन शेअरिंग’ हा शब्द आता सगळ्यांना पाठ आहे. जोडीदार मिळाला तर एवढे, नाही मिळाला तर एवढे, असे दोन आकडे एजंट सांगतो. यातला दुसरा आकडा लेखी घ्यावा.

मी अशी एकदा गेले, व्हँकुव्हरहून निघून तिथेच परतणाऱ्या सात रात्रींच्या अलास्का सफरीला. एजंटने माझी गाठ सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेशी घालून दिली. शिक्षिकेला म्हणतात तसे मी त्यांना बाई म्हणे. त्या मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणाल्या. निघण्याच्या दोन महिने आधी आम्ही फोनवर तासभर बोललो आणि ठरले ते दोघींनी कागदावर उतरवले.

त्या कागदावरचे विषय सांगते, कारण या व्यवहाराचे यश त्यांच्यावर असते. पहिला विषय पैशांचा. केबिनचे आरक्षण एकच असते, त्यामुळे एकीने रद्द केले तर दुसरीवर सप्लिमेंटचा बोजा येऊ शकतो. आमच्या सफरीला कॅनडाचा पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा आणि अमेरिकेचा व्हिसा असे दोन्ही लागणार होते. त्यातला एकही नाकारला गेला तरी तेच. म्हणून दोघींकडे दोन्ही व्हिसा असल्याची खात्री झाल्यावरच आम्ही उरलेली रक्कम भरली, आणि प्रवासविमा दोघींनी वेगवेगळा घेतला. जहाजावर रोख चालत नाही, सगळे केबिनच्या कार्डावर लिहिले जाते. तेव्हा पहिल्याच दिवशी दोघींची खाती आपापल्या बँककार्डांना वेगळी जोडून घेतली. तिजोरी केबिनमध्ये एकच. तिचा आकडा दोघींना ठाऊक असणार, म्हणून प्रत्येकीने कुलपाची छोटी पिशवी नेली.

दुसरा विषय जागेचा. खिडकी नसलेली आतली केबिन साधारण दीडशे ते एकशे ऐंशी चौरस फुटांची असते, न्हाणीघरासकट. दोन पलंग बरेचदा जोडून मोठा एक केलेला असतो. ते वेगळे करून हवेत, हे आधीच कळवावे लागते. सकाळी न्हाणीघरात आधी कोण, एसी किती थंड, रात्री दिवा कधी मालवायचा, घरच्यांशी फोनवर बोलायचे ते केबिनच्या बाहेर की आत, हे आधी ठरले तर भांडणाचे कारण उरत नाही. बाईंची रोजची पूजा होती. जहाजावर उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती, काहीही पेटवता येत नाही. आगीचा धोका हा समुद्रावरचा सर्वांत मोठा धोका मानला जातो. त्या पाच वाजता उठून मनातल्या मनात स्तोत्र म्हणत आणि मी सातपर्यंत झोपे. घोरण्याबद्दल दोघींनी खरे सांगितले होते. कानात घालायचे बोळे दोघींनीही आणले.

तिसरा विषय आजारपणाचा, आणि याबद्दलच माणसे बोलायला कचरतात. बाई इन्सुलिन घेत. साखर उतरली तर काय दिसते, ग्लुकोज कुठे ठेवले आहे, मुलाला कोणत्या नंबरवर कळवायचे, हे त्यांनी कागदावर लिहून दिले होते. चौथ्या रात्री, तीनच्या सुमाराला, त्या काहीतरी असंबद्ध बोलत असल्याने मला जाग आली. अंगाला दरदरून घाम होता. शुद्ध होती, गिळता येत होते. ग्लुकोज पलंगाशेजारच्या वरच्या खणात होते. ते पाण्यात कालवून दिले आणि जहाजावरच्या दवाखान्याला फोन केला. परिचारिका येईपर्यंत त्या नीट बोलू लागल्या होत्या. दवाखान्याचे बिल बरेच होते. त्यासाठी विमा कामाला आला.

त्या रात्री त्या दुप्पट पैसे भरून एकट्या राहिल्या असत्या तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. एकट्याची केबिन सुरक्षित आणि वाटून घेतलेली धोक्याची, असे आपण सहज धरून चालतो. साठीच्या पुढे हे गणित उलटेही असू शकते. अर्थात अनोळखी माणसाबद्दल सावध राहायलाच हवे. आधी व्हिडिओवर बोलावे, ओळखीतल्या कोणाकडे चौकशी करावी, एजंट दोघींचा एकच असावा, आणि नाहीच पटले तर जहाजावर दुसरी केबिन मिळण्याची खात्री नसते हे लक्षात ठेवावे. ज्यांना रात्री पूर्ण एकांत लागतो, त्यांनी सप्लिमेंट भरावा किंवा छोटे जहाज, कमी रात्रींची सफर निवडावी. त्यात कमीपणा काही नाही.

आम्ही दोघी मैत्रिणी झालो का, असे मला पुष्कळांनी विचारले. झालो नाही. दिवाळीला एकमेकींना फोन करतो, एवढेच. केबिन वाटून घ्यायला मैत्री लागते हा समज मला वाटते चुकीचा आहे आणि अनेक जण त्यापायी हा मार्ग सोडून देतात. लागतो तो रेल्वेच्या डब्यातला साधा शिष्टाचार, थोडा स्पष्टपणा आणि एक कागद. एकटे राहणाऱ्यांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची संख्या वाढते आहे. त्यांच्या हातात थोडा पैसा आहे आणि जग पाहायची इच्छाही आहे. आपल्याकडच्या सहल कंपन्यांनी केबिनऐवजी पुन्हा बर्थ विकायला घेतला, जोडीदार न मिळाल्यास पडणारी रक्कम आधीच ठरवून दिली आणि आरोग्याच्या माहितीचा एक छापील नमुना दोघांच्या हातात ठेवला, तर त्यांनाही गिऱ्हाईक कमी पडणार नाही. तोवर ज्यांना जायचे आहे त्यांनी एजंटला पहिला प्रश्न हा विचारावा: दुसऱ्या खाटेवर कोणी आहे का, आणि तिच्याशी मला आधी बोलता येईल का?