एक ओटा, अनेक दगड

स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले की पहिला प्रश्न रंगाचा निघतो, आणि मग सिंकपासून शेगडीपर्यंत एकाच दगडाची लादी टाकली जाते. निरनिराळ्या शैलींची सरमिसळ करणाऱ्या घरांतही ती कपाटांच्या मुठी, टाइल्स आणि दिवे यांच्यापुरतीच राहते. ओटा मात्र एकजिनसी. खरे तर सरमिसळीची सुरुवात ओट्यापासूनच व्हायला हवी, आणि कोणत्या जागी कोणते काम होते हाच तिचा आधार असावा. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. जात्याला आणि पाट्या-वरवंट्याला काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. जमिनीला कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी फरशी. आणि १९५५ पासून मुंबईत घरगुती गॅसचे सिलिंडर मिळू लागल्यावर जसजसा उभ्याने स्वयंपाक रूढ झाला, तसतसा ओट्यावर आंध्रातला कडप्पा दिसू लागला. प्रत्येक दगड आपापल्या कामाला होता.

आज ही वाटणी करायची तर आधी रसायनशास्त्र पाहावे लागते. संगमरवर, कडप्पा, शहाबादी आणि कोटा दिसायला वेगळे, पण मुळात भाऊबंद. चौघांतही मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकमाचे आगळ किंवा ताक सांडले की त्यांतले आम्ल दगडाची झिलई खाते. उरतो तो डाग नसतो, झीज असते. म्हणून तो घासून जात नाही. सीलर लावल्याने तेल-हळद आत मुरायला वेळ लागतो, आम्लाची झीज मात्र थांबत नाही. शिवाय कॅल्साइटची कठीणता मोहच्या मापावर ३, तर ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारची ६ आणि क्वार्ट्‌झची ७. सुरीचे पोलाद कॅल्साइट आणि क्वार्ट्‌झ यांच्या मधे येते. तेव्हा चिरणे, धुणे आणि शेगडी यांच्या जागी ग्रॅनाइटच हवा. संगमरवराची हौस असेल तर ती पोळ्या-करंज्या लाटण्याच्या जागी भागवावी. तिथे आंबट पदार्थ क्वचितच येतो, आणि साटा लावलेल्या करंजीतले तूप पातळ होऊ नये म्हणून दगडाचा गारवा हवाच असतो. हा गारवा ग्रॅनाइटातही आहे, हे खरे. पण संगमरवर कुठे टिकेल असे विचारले, तर उत्तर हीच जागा आहे.

यावर पहिला आक्षेप सांध्यांचा: तिथे घाण साचते. पण इंग्रजी एलच्या आकाराच्या ओट्याला सांधा चुकत नाहीच. तो सिंकपासून दूर घ्यावा आणि इपॉक्सीने भरावा. दुसरा आक्षेप ठिगळासारखे दिसण्याचा. पातळी एक, कडेची घडण एक आणि दगड दोन-तीनच ठेवले, तर फरक हेतुपूर्वक केलेला दिसतो. तिसरा आक्षेप वजनदार आहे: सगळ्या कामांना पुरणारा कृत्रिम क्वार्ट्‌झ बाजारात असताना ही यातायात कशाला? तो आम्लाला दाद देत नाही आणि त्याला सीलरही लागत नाही, हे मान्य. मात्र त्यात सुमारे ९० टक्के क्वार्ट्‌झचा चुरा राळेने बांधलेला असतो. चुलीवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर ती राळ करपते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तो कापताना उडणारी सिलिकाची धूळ. कारागिरांच्या फुप्फुसांना जडणाऱ्या सिलिकोसिसमुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली.

म्हणून नैसर्गिक दगड निर्दोष ठरतो असे मात्र नाही. ग्रॅनाइटातही सिलिका असते, प्रमाण कमी इतकेच. आणि दगड अनेक म्हणजे कडा अधिक, कापणीही अधिक. तेव्हा या ओट्याच्या आराखड्यात एक अट आधीच लिहून ठेवावी: मापे पक्की करून सिंकचे भोक आणि कडा कारखान्यातच पाण्याच्या धारेखाली कापून घ्यायच्या, घरात कोरडे कटर चालवायचे नाही. दगड कामावरून निवडायचा म्हटले, तर तो घडवणाऱ्याचे कामही त्या हिशेबात धरले पाहिजे.