कर्णाची पेटी आणि कुवेतचे डांबर

गेल्या महिन्यात मंडळाच्या मराठी वर्गात आम्ही कर्णजन्माची गोष्ट सांगत होतो. दुर्वासांचा मंत्र, कुमारी कुंती, सूर्यदेव, कवचकुंडले... सारे सुरळीत चालले होते. पेटी नदीत सोडली आणि पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "काका, पेटीत पाणी नाही शिरलं?"

मंडळी, रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊनही हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता! घरी येऊन महाभारत उघडले. उत्तर वनपर्वात आहे. कुंतीने पेटीत नीट अंथरूण घातले होते आणि पेटीला मेण लावले होते. अश्वनदी, चर्मण्वती, यमुना, गंगा असा प्रवास करून ती पेटी चंपानगरीजवळ अधिरथ सूत आणि त्याची पत्नी राधा यांच्या हाती लागली.

अशा कथा इतरत्रही आहेत. ग्रीकांच्या पर्सियसला त्याच्या आजोबाने भविष्यवाणीच्या भीतीने आईसकट पेटीत घालून समुद्रात लोटले. सेरिफोस बेटावरच्या डिक्टिस नावाच्या कोळ्याने दोघांना वाचवले. आपल्या शेजारच्या इराकमध्ये इ.स.पूर्व २३०० च्या सुमारास अक्कडचा राजा सारगॉन होऊन गेला. मातीच्या पाट्यांवर कोरलेली त्याची दंतकथा सांगते, की पुजारीण असलेल्या आईने त्याला गुपचूप जन्म दिला, लव्हाळ्याच्या टोपलीत ठेवून नदीत सोडले आणि अक्की नावाच्या पाणक्याने त्याला वाढवले.

त्या टोपलीला मेण नव्हते, डांबर होते. इथे आपल्या कुवेतचा संबंध येतो. २०१९ साली खुला झालेला शेख जाबेर पूल ओलांडला की सुबिया लागते. तिथल्या उत्खननात ७००० वर्षांहून जुने डांबराचे तुकडे मिळाले. एका बाजूला लव्हाळ्याचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्री बार्नेकलचे थर, म्हणजे ते होडीचे लिंपण! रासायनिक तपासणीत हे डांबर बुरगानचे ठरले. ज्या बुरगानच्या तेलावर आज आपल्यापैकी कित्येकांची चूल पेटते, तेच! मेण आणि डांबर, दोघांचेही पाण्याशी जमत नाही, म्हणून आतले बाळ कोरडे राहते.

पण वर्गात दुसरा प्रश्नही आला होता, "मग कर्णाची खरी आई कोण?"

याचे उत्तर उद्योगपर्वात खुद्द कर्ण देतो. तू ज्येष्ठ पांडव आहेस, राज्य तुझे आहे, असे कृष्ण सांगतो. कर्ण म्हणतो, मला पाहताच राधेला पान्हा फुटला, माझे मलमूत्र तिने काढले, तिला मी कसा नाकारू? आणि तो राधेयच राहिला.

हे वाचताना आम्ही दोघे जरा गप्प झालो. येत्या जूनमध्ये आमचा मुलगा पाचवीसाठी आजी-आजोबांकडे जाणार आहे. बॅगा भरणे सुरू आहे. स्वेटर, औषधे, मराठी पुस्तके... आमच्या परीने आम्हीही मेणच लावतो आहोत. वर्षभराने तो आजीलाच "आई" म्हणू लागला, तर वाईट वाटून घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

जमेल की नाही, ते पुढच्या वर्षीच्या अंकात प्रामाणिकपणे कळवू.