काळा दोरा, बैलजोडी आणि धुरकऱ्याचे मन

वैनगंगेकाठच्या मार्कंड्यापासून चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यापर्यंत झाडीपट्टीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पिढ्यान्‌पिढ्या भरत आला असून, जोडी सोडण्यापूर्वी बैलाला काळा दोरा बांधणे वा त्याची दृष्ट काढणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे, असा सुशिक्षितांचा समज असतो. वस्तुतः सचिन तेंडुलकरही डाव्या पायाचे पॅड आधी बांधत असे. अशा कृतींचे मूळ अनिश्चिततेत असते: ट्रॉब्रियांड बेटांवर खाजणातील सुरक्षित मासेमारीसाठी कोणी मंत्रविधी करत नसे, मात्र खोल समुद्रात जाताना तो आवर्जून केला जाई, असे मानवशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की यांनी नोंदवले. पटात तर वर्षभराच्या खुराकाचा आणि मेहनतीचा निकाल काही सेकंदांत लागतो.

दोऱ्याचा गुण अनुभवाने सिद्ध झाला आहे, हा दुसरा समज अधिक चिवट आहे. 1948 मध्ये बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने, त्यांच्या वागण्याशी काहीही संबंध न ठेवता दाणे दिले, तेव्हा दाणा पडताना घडलेली हालचालच, कोणी गिरकी तर कोणी मानेचा झोका, ती पुन्हापुन्हा करू लागली. शिवाय दोरा बहुधा जोडी फारच वाईट धावल्यानंतर बांधला जातो आणि टोकाच्या अपयशानंतरची धाव एरवीही सरासरीकडे झुकते. संख्याशास्त्रात यास ‘मध्याकडे परतणे’ म्हणतात.

निदान श्रद्धेने कामगिरी तरी सुधारते, या म्हणण्याला 2010 मधील एका जर्मन प्रयोगाने बळ दिले होते, कारण ‘हा चेंडू लाभदायी आहे’ असे सांगितल्यावर गोल्फचे फटके अधिक अचूक बसले. परंतु 2014 मध्ये अधिक लोकांवर केलेल्या फेरतपासणीत तो परिणाम दिसला नाही. पटात तर धावणाऱ्या बैलाला दोऱ्याचा अर्थच ठाऊक नसतो, त्यामुळे दिलासा मिळालाच तर तो कासरा धरणाऱ्या धुरकऱ्याला. जू नीट बसले का, खूर दुखावला आहे का, हे दर वेळी त्याच क्रमाने पाहणे ही मात्र अंधश्रद्धा नव्हे. तो नित्यक्रम लक्ष एकवटतो आणि बैलालाही जपतो.

हे सारे निरुपद्रवी आहे, हा समज सर्वांत धोक्याचा, कारण दोऱ्याने जिंकता येते असे मानले की हरण्यामागे कोणाची तरी ‘करणी’ शोधणे फार दूर राहत नाही. खेळाशी संबंध नसलेल्या, पण याच विचारातून घडलेल्या प्रकरणात ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह गावकऱ्यांना बांधून मारहाण झाली. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा 6 महिने ते 7 वर्षे कारावासाचा गुन्हा आहे.